कडी-कोयंड्यांतील विषधातू : निदानपरिवर्जनाचा एक दुर्लक्षित विषय



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भडगावातीलच एक प्रौढ सुतार आमच्याकडे उदरशूलाची तक्रार घेऊन आले. सोबत विबंध, सांध्यांचा ठणका, क्षुधामांद्य व सततची ग्लानी. वातप्रधान शूल मानून आम्ही हरीतकी, एरंडस्नेह, दीपन-पाचन अशी सरळ चिकित्सा दिली. आठ-दहा दिवस बरे वाटे. पुन्हा तोच शूल उठे. असे चार-पाच महिने गेले. पुढे पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना तिकडे नेले, तेथे रक्ताची तपासणी झाली आणि रक्तात शिशाचे प्रमाण पुष्कळ वाढलेले आढळले. तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "आयुर्वेदिक औषध घेता का?" उत्तर होकारार्थी आले आणि शोध तेथेच संपला. दुसऱ्या दिवशी मुलाचा आम्हाला दूरध्वनी आला. त्याच्या स्वरात राग होता, आणि तो रास्त होता.

आम्हास वाईट वाटले, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि केवळ वाईट वाटून घेणे हे वैद्याचे काम नव्हे. दिलेल्या प्रत्येक औषधाचा नमुना आम्ही प्रयोगशाळेत पाठविला. शिसे विहित मर्यादेच्या आत निघाले. मग शिसे आले कोठून? हा प्रश्न घेऊन आम्ही त्या रुग्णाच्या घरी गेलो. खरे तर हे आम्ही पहिल्या महिन्यातच करावयास हवे होते.

अंगणात जुन्या दारांची रास होती. आपल्या खानदेशात धाब्याची घरे व वाडे पाडून सिमेंटची घरे उभी राहत आहेत. त्यांतील सागवानी दारे, चौकटी, कपाटे विकत घेऊन, ती नवी करून विकणे हा या सुतारांचा जोडधंदा. दारावरील कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, पितळी मुठी काढावयाच्या, घासून चकचकीत करावयाच्या. लाकडावरील जुन्या तेलरंगाचे थर ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने जाळून खरवडावयाचे, मग पॉलिश पेपरने घासावयाचे. काम करताना चार-सहा स्क्रू ओठांत धरलेले. मध्येच त्याच तळहातावर चुना-तंबाखू मळून तोंडात टाकलेली. आणि त्या रंगाच्या भुकटीत त्यांचा तीन वर्षांचा नातू खेळत बसलेला.

त्या नातवाला आम्ही ओळखत होतो. मृत्तिकाभक्षणजन्य पांडू म्हणून आमच्याकडेच त्याची चिकित्सा चालू होती.

आपले लक्ष कोठे असते?

सन २००४ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल यांपैकी काही ना काही आढळले. तेव्हापासून जगात कोठेही शिसे वाढलेला रुग्ण दिसला की आपल्या शास्त्राकडे बोट दाखविले जाते. पुढे केंद्र शासनाच्या आयुष विभागाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. दर दशलक्ष भागांत शिसे १० भाग, सोमल ३ भाग, पारा १ भाग आणि कॅडमियम ०.३ भाग ही मर्यादा औषधनिर्मात्यांस पाठ आहे.

ही दक्षता योग्यच आहे. औषधात दोष असेल तर तो झाकण्यासाठी हा लेख नाही. परंतु आकड्यांची तुलना करून पाहावी. औषधात दशलक्ष भागांत १० भाग शिशाबद्दल आपण चिंता करतो. यंत्रावर सहज कातले जावे म्हणून जे पितळ घडविले जाते, त्यात सुमारे तीन टक्के शिसे मुद्दाम मिसळलेले असते. म्हणजे दशलक्ष भागांत ३०,००० भाग. शेंदूर, म्हणजेच लाल शिसे, हा लोखंडास गंज लागू नये म्हणून पूर्वी सर्रास लावला जाणारा अस्तररंग. त्याच्या वजनाचा नऊ-दशांश भाग शिसेच असते. हे आकडे जसेच्या तसे समोरासमोर ठेवणे पूर्ण न्यायाचे नव्हे, कारण औषध आपण गिळतो व मूठ केवळ धरतो. धातूत किती आहे यापेक्षा त्यातून सुटते किती व तोंडात जाते किती, हे महत्त्वाचे. परंतु सुतार, बालक व गर्भिणी यांच्या बाबतीत हे सुटणे आणि तोंडात जाणे प्रत्यक्ष घडते. आमच्या रुग्णाने आम्हाला तेच दाखविले.

शास्त्रदृष्टी

रसशास्त्रकारांनी नाग व वंग यांस पूतिलोह म्हटले आणि पितळ, कांस्य, वर्तलोह यांस मिश्रलोहांत गणले. रसरत्नसमुच्चयात पितळेचे रीतिका व काकतुंडी असे दोन प्रकार सांगितले आहेत. तापवून कांजीत टाकले असता जे ताम्रवर्ण होते ती रीतिका ग्राह्य. जी काळी पडते ती काकतुंडी अग्राह्य. आम्लाच्या संयोगाने पितळेच्या पृष्ठभागावरील यशद निघून जाते व तांबे उघडे पडते, हे आजचे रसायनशास्त्रही मान्य करते. पितळ पितळ म्हणून सरसकट न स्वीकारता त्याची परीक्षा करावी, हा त्यातील बोध. मात्र ही परीक्षा शिसे किती आहे हे सांगत नाही. त्या कामासाठी तिच्यावर विसंबू नये.

अल्प मात्रेत, दीर्घ काळ, लक्षणे झाकून राहणारे जे विष, त्यास आपल्याकडे दूषीविष म्हणतात. शिशाचे वर्तन बरेचसे याच प्रकारचे आहे. रक्तातील शिसे, नवा पुरवठा थांबल्यास, सुमारे महिन्याभरात निम्म्यावर येते. परंतु अस्थींत साठलेले शिसे दशकानुदशके राहते आणि गर्भावस्थेत, स्तन्यकाळात वा वार्धक्यात अस्थींची झीज होऊ लागली की पुन्हा रक्तात उतरते. म्हणूनच एका रक्ततपासणीत आकडा कमी दिसला म्हणून निश्चिंत होता येत नाही.

कोणत्या वस्तूत काय?

घरातील लाकडी सामानाचा धातूचा साज आता गावात घडत नाही. कुलुपे व कड्या अलीगढहून, मुठी व बिजागऱ्या राजकोटहून, पितळी भाग जामनगरहून येतात. जामनगर हे नाव आपणांस तेथील आयुर्वेद अध्यापन व संशोधन संस्थेमुळे परिचित आहे. तेच शहर पितळी सुट्या भागांची देशातील मोठी पेठ आहे. तेथील पितळ बहुतांशी मोडीपासून पुन्हा ओतले जाते. मोडीत जे आले ते नव्या वस्तूत उतरते.

पितळ : मुठी, कड्या, पाळण्याच्या साखळ्या व आकडे, झोपाळ्याच्या कड्या, घुंगरू. लाखेचा वा वार्निशाचा थर शाबूत असेल तोवर शिसे फारसे सुटत नाही. घाम, चिंच, लिंबू, पॉलिशची भुकटी यांनी ते सुटते. पितळ घासलेल्या फडक्यावर जो काळा मळ येतो, तो मुलांच्या हाती लागू देऊ नये.

जस्ताच्या ओतीव मुठी : वजनाला जड, वर चकचकीत मुलामा. जस्त अशुद्ध असेल तर शिसे व कॅडमियम ही त्याची नेहमीची सोबत. मुलामा उडून आतील करडा धातू दिसू लागला की मूठ बदलावी.

निकेलचा मुलामा : हा प्रश्न विषाचा नसून त्वचेचा आहे. कपाटाच्या मुठी, किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल यांच्या सततच्या स्पर्शाने काहींच्या हातांना कंडू, स्राव व वैवर्ण्य येते. विचर्चिका समजून आपण महिनोन्‌महिने लेप देतो आणि रुग्ण रोज त्याच मुठीला हात लावतो. डायमिथिलग्लायॉक्सिमचे द्रावण कापसाने चोळल्यास निकेल सुटणाऱ्या वस्तूवर गुलाबी रंग येतो. ही तपासणी स्वस्त आहे व चिकित्सालयातच करता येते.

क्रोमियम : आरशासारखा चमकणारा क्रोमचा मुलामा हाताळणाऱ्यास सहसा बाधत नाही, त्याची बाधा मुलामा देणाऱ्या कामगारास होते. षट्‌संयुजी क्रोमियमच्या टाकीवर काम करणाऱ्यांच्या त्वचेवर व्रण पडतात, नासापटलास छिद्र पडते. स्क्रू व बिजागऱ्यांवरील पिवळसर, इंद्रधनुष्यी झाक मात्र बहुधा याच क्रोमियमच्या संस्काराने आलेली असते. असे स्क्रू ओठांत धरू नयेत, हे प्रत्येक सुताराला सांगावे.

रंग : सर्वांत मोठा धोका येथे आहे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ मध्ये निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळा, नारिंगी, लाल व हिरवा या छटांत, शिसे हजारो भागांपर्यंत असणे असामान्य नव्हते. औद्योगिक वापराचे रंग या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. सबब लोखंडी खाट, खिडकीचे गज, पत्र्याचे जुने कपाट, दाराची चौकट यांवरील पापुद्रे सुटलेला रंग शिशाचाच आहे असे समजून वागावे.

आरसा : आपण आजही "आरशाचा पारा उडाला" असे म्हणतो. फार जुन्या आरशांमागे खरोखरच कथील व पारा यांचा लेप असे. नंतरच्या आरशांत चांदीचा थर आला. पण त्या थराच्या रक्षणासाठी पाठीमागे दिल्या जाणाऱ्या रंगात अनेकदा शिसे असे. जुन्या कपाटाचा आरसा खरवडू नये.

विष देहात कसे जाते?

प्रौढाने गिळलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषला जातो; बालकात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. येथे पांडू व शिसे यांचे दुष्टचक्र सुरू होते. लोह कमी म्हणून बालक माती, भिंतीचे पोपडे, खिडकीचा रंग चाटते. त्यातून शिसे जाते. शिसे रक्तनिर्मितीस अडथळा करते व पांडुत्व वाढते. आपण मंडूर देतो, माती खाऊ नको असे सांगतो. पण ती "माती" कोणती, हे पाहत नाही. आमच्या हातून नेमके हेच झाले.

हा प्रश्न केवळ कारागिरांच्या घरापुरता नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील हजाराहून अधिक बालकांचे रक्त तपासले गेले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश बालकांत शिसे दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम आढळले. त्या काळी पेट्रोलमध्येही शिसे होते. ते १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. तरीही युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातील दर तीन बालकांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. शिशाची पूर्णतः निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

युरोपीय संघाने १ जून २०१६ पासून, बालक तोंडात घालू शकेल अशा सर्वसामान्य वापराच्या वस्तूंत शिसे ०.०५ टक्क्याच्या वर असू नये असा नियम केला. पितळेस ०.५ टक्क्यापर्यंत सवलत दिली; किल्ल्या व कुलुपे मात्र वगळली, कारण शिशाविना ती घडविणे कठीण. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांस भारतीय मानकाची सक्ती आहे. पाळण्यावर टांगलेला खुळखुळा त्यात येतो. पाळण्याची कडी तितक्याच काटेकोर चाचणीतून गेली असेल असे गृहीत धरू नये; बालकाच्या तोंडाला मात्र दोन्ही सारखेच.

औषधालयाची तोटी

दुसऱ्याच्या अंगणातून परतल्यावर आम्ही आपल्या औषधालयाकडे पाहिले. औषधांचे नमुने निर्दोष निघाले होते, तरी आसवाच्या एका जुन्या पात्राला पितळी तोटी होती व तिच्या सांध्याला कथील-शिशाचा डाग दिलेला होता. आसवारिष्टे स्वभावतः आम्ल. रात्रभर तोटीत साचून राहिलेले अरिष्ट सकाळी पहिल्या रुग्णाच्या बाटलीत जाते. नमुना आम्ही पात्राच्या मधल्या भागातून घेतला होता. ते पहिले चार घोट कोणी तपासले नव्हते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या तोट्यांत पाण्याचा स्पर्श होणाऱ्या भागात शिसे सरासरी ०.२५ टक्क्याहून अधिक नसावे असा नियम जानेवारी २०१४ पासून आहे. पाण्यासाठी हा दंडक, तर आम्ल औषधासाठी किती कडक असावा? ती तोटी आम्ही त्याच दिवशी काढली.

औषधालयधारकांनी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात, ही विनंती.

१. आसव, अरिष्ट, क्वाथ व तेल यांच्या पात्रांच्या तोट्या, झडपा व सांधे स्टेनलेस स्टीलचे असावेत. डाग दिलेला सांधा नसावा.
२. चूर्णाच्या कपाटांचे खण आतून रंगविलेले नसावेत. आतील बाजूस डोकावणारे स्क्रू गंजलेले वा मुलामा उडालेले नसावेत.
३. पितळी खल, तराजूची पारडी व चमचे आम्ल द्रव्यांसाठी वापरू नयेत. कल्हई करवून घेताना शुद्ध कथलाचा आग्रह धरावा. कथलात शिसे मिसळण्याची लबाडी जुनी आहे.
४. रंगकाम व घासकाम चालू असताना औषधनिर्मिती बंद ठेवावी व नंतर ओल्या फडक्याने सर्व पुसून घ्यावे.
५. तपासणीचा नमुना पात्राच्या मध्यातून व तोटीतून असा दोन ठिकाणचा घ्यावा.

रुग्णपरीक्षेत काय विचारावे?

पुनःपुन्हा उठणारा शूल, हट्टी विबंध, कारण न सापडणारा पांडू, मनगटाचे दौर्बल्य, वाढलेला रक्तदाब, बालकाचे चिडखोरपण वा अभ्यासातील मागे पडणे यांपैकी काही आढळल्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत : व्यवसाय कोणता? घरात अलीकडे रंग खरवडणे, दारे-खिडक्या दुरुस्त करणे झाले का? घराचा व सामानाचा रंग किती जुना? बालक काय चाटते? हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ आहे का, हेही पाहावे.

शंका आल्यास शिरेतील रक्ताची शिशासाठी तपासणी करवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास स्रोत शोधून दूर करावा. दहा वर्षांपर्यंतच्या बालकात ४५ वा अधिक आढळल्यास शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात द्यावयाची असतात. अशा रुग्णास केवळ शोधनाच्या भरवशावर ठेवू नये, तत्काळ पाठवावे. रुग्ण घेत असलेली औषधे, आपलीही, तपासणीस द्यावीत. यात कमीपणा नाही.

धातूच्या वस्तू तपासण्यासाठी क्ष-किरणांवर चालणारे यंत्र उत्तम. जळगावच्या सराफ्यात सोन्याचा कस दाखविणारे यंत्र याच तत्त्वावर चालते; परंतु ते सोन्यासाठी मापलेले असते. शिशाचा विश्वसनीय आकडा प्रयोगशाळेतूनच घ्यावा.

घरासाठीचा उपदेश साधा आहे. शाबूत रंग खरवडू नये. त्यावर नवा रंग द्यावा. खरवडणे अटळ असेल तर पृष्ठभाग पाण्याने भिजवून काम करावे, ज्योत कदापि वापरू नये, बालके व गर्भिणी यांस दूर ठेवावे, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. बालकाच्या तोंडाच्या उंचीवरील मुठी लाकडी वा स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्यात; निकेल न सोसणाऱ्यास लाकडी मूठ सर्वांत बरी. जेवणापूर्वी व तंबाखूपूर्वी हात साबणाने धुवावेत. तंबाखू सोडता आली तर उत्तमच. आहारात दूध, तीळ, नाचणी, पालेभाज्या व आवळा असावा; लोह व कॅल्शियम पुरेसे असता शिसे कमी शोषले जाते.

उपसंहार

त्या नातवाचे रक्त तपासले, तेव्हा त्यातही शिसे वाढलेले निघाले. आजोबांइतके नव्हे, पण तीन वर्षांच्या बालकाला नको तितके. दारांची रास अंगणातून गावाबाहेरच्या एका शेडमध्ये गेली. ब्लो-लॅम्प विकला गेला. स्क्रू आता डब्यात असतात. ओठांत धरण्याची चाळीस वर्षांची सवय मोडणे त्यांना तंबाखूइतकेच जड गेले, असे ते सांगतात. पुढील तपासण्यांत दोघांचेही आकडे उतरत गेले आणि तोच मंडूर, जो आधी व्यर्थ ठरत होता, नातवास लागू पडला.

औषध तेच होते. फरक पडला तो निदानपरिवर्जनाने. ते सूत्र आपण विद्यार्थीदशेपासून घोकतो. परंतु निदान रुग्णाच्या ताटात जितके असते तितकेच त्याच्या दाराच्या कडीलाही असू शकते, हे आम्हास उशिरा कळले. वाचक वैद्यांस ते वेळेवर कळावे, एवढ्याचसाठी आमची ही चूक येथे नोंदविली आहे.